मोहरीच्या डब्यातला रोटर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "शंकरराव, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. पण टेक्निकल नको हं, वाचक पान उलटतात." म्हणजे आचाऱ्याला सांगायचं, स्वयंपाकाबद्दल लिही पण चुलीचं नाव काढू नकोस. थोडं टेक्निकल येणारच, बाई. ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं, पुढच्या पानावर पुरणपोळीची कृती असेलच.

मी मूळचा कऱ्हाडचा. बत्तीस वर्षं चेन्नईत, अण्णा नगरला, गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं गॅरेज चालवलं. गेल्या वर्षी ते मेव्हण्याकडे सोपवलं, आणि तेव्हापासून रोज तिथं जाऊन त्याला त्रास देतो.

गाडी चालू होत नाही, याचे दोन प्रकार. चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' होतं, तो बॅटरीचा प्रकार. तो शेजाऱ्यालाही कळतो. दुसऱ्यात इंजिन खुर्रर्र खुर्रर्र फिरतं, पण पेट घेत नाही. हा माझा प्रांत. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवा फुकट आहे, पेट्रोल वासानं कळतं, राहता राहिली ठिणगी. जुन्या गाड्यांत बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जायचे आणि हजारो होऊन बाहेर पडायचे. तिथून ते डिस्ट्रिब्यूटर नावाच्या गोल डब्यात. त्या डब्यात रोटर फिरतो. अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण पंगतीतल्या वाढप्यासारखा चारी प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाढतो. एवढंच. याहून जास्त मलाही कळत नाही, फक्त मी ते कोणाला सांगितलं नाही.

दोष शोधायचा म्हणजे अर्धं अर्धं करत जायचं. कॉइलच्या वायरला ठिणगी आहे? मग दोष पुढं. नाही? मग मागं. उरलेल्याचं पुन्हा अर्धं. एक जण चावी फिरवतो, दुसरा वायर इंजिनाजवळ धरून बघतो. दुसरा नेहमी मीच. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या की ठिणगी आहे असं समजायचं. पुस्तकात ही पद्धत दिलेली नाही.

पण खरा दोष बहुधा गाडीत नसतो, गिऱ्हाइकात असतो, आणि "मी हातसुद्धा लावला नाही" या वाक्यामागं लपलेला असतो. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेला एक पुण्याचा मुलगा नवी कोरी गाडी टोईंग करून घेऊन आला. सोबत मोबाईलवरून उतरवलेली तेरा संभाव्य कारणं. तेराही वाचून दाखवली. मी म्हटलं, "चावी बघू." चावीचं कवच झकास, नवीन, ऑनलाइन मागवलेलं. जुनं कवच कुठं आहे? कचऱ्यात. आता नव्या गाड्यांच्या चावीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. ती ओळखीची नसली तर गाडी ठिणगी देत नाही. याची चिप जुन्या कवचासकट कचऱ्यात गेली होती. वर म्हणतो, "पण काका, हे चौदावं कारण कुठंच दिलेलं नव्हतं!" मी हात टेकले.

हसायचे प्रसंग असे पुष्कळ. पण संपादकबाईंनी अनुभव मागितलाय, तर तो एकच आहे. गॅरेजच्या शेवटच्या वर्षातला. त्यात मी दोन-अडीच महिने ठिणगी सापडत नसल्याचं सोंग केलं.

मैलापूरचे माधवराव माझे जुने गिऱ्हाईक. तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशेएक वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना आणलेली मराठी त्यांनी जपून ठेवली. माझी मराठी ऐकून ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "तुमच्याकडे भाषा फारच झिजली की." कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं ताठ, कोणी हात धरलेला बिलकूल खपायचा नाही. घरात ते, म्हणजे आमचे काका, आणि पद्माकाकू. मुलगा श्रीनाथ शोळिंगनल्लूरला नोकरीला, लेक अण्णा नगरला. दर रविवारी काका आपली जुनी पांढरी गाडी काढून लेकीकडे जायचे, नातीला गणित शिकवायला. गाडी जुनी म्हणजे चोक ओढून चालू करायची, डिस्ट्रिब्यूटरवाली. चेन्नईत तिला हात लावायला मी सोडून कोणी राहिलं नव्हतं, आणि याचा मला नको तेवढा अभिमान होता.

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "शंकरा, इंजिन फिरतें, पेटत नाहीं. पेट्रोल आहे, वास घेतला. म्हणजे हा तुझा प्रांत."

गेलो. काकांनी चावी फिरवली, मी वायर धरली. कॉइलला निळी जाड ठिणगी, प्लगला काही नाही. म्हणजे मधला डबा. दोन क्लिपा काढून झाकण उचललं, तर आत रोटरच नाही! झिजलेला नाही, फुटलेला नाही. गायब. बत्तीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"काका, हे झाकण कोणी उघडलं होतं?"

"कोण उघडणार? घरांत मीं आणि ही."

'ही' पायरीवर उभी होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. "शंकरा," काकू म्हणाल्या, "कापी तयार आहे. आंत येऊन घे."

स्वयंपाकघरात त्यांनी माझ्यापुढं कॉफी ठेवली, मिसळणाचा डबा उघडला, मोहरीच्या वाटीत बोटं घातली आणि रोटर काढून माझ्यासमोर धरला. वर फुंकर मारून मोहरी उडवली.

"मीं काढला."

मला कॉफीचा ठसका लागला. "काकू, तुम्हाला कसं जमलं हे?"

"तूंच शिकवलेंस की! आम्हीं काशीस निघालों तेव्हां ह्यांस सांगत नव्हतास? रोटर काढून खिशांत ठेवा, मग कोणाचा बाप आला तरी गाडी चोरीस जाणार नाहीं. काढूनही दाखवलास. मीं तेथेंच उभी होतें."

माझ्या शिकवण्याकडे इतकं लक्ष माझ्या गॅरेजातल्या कोणीही कधी दिलं नव्हतं.

मग त्या पाटावर बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. मागच्या रविवारी देवळाच्या तळ्याच्या कोपऱ्यावर काकांनी फुलवालीच्या टोपलीवर चाक घातलं होतं. बाई हातभर अंतरानं वाचली. "हे म्हणतात, टोपली रस्त्यांत ठेवली होती. शंकरा, टोपली फुटपाथावर होती. हे फुटपाथावर होते." उजव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, डाव्यानं अर्धमुर्धं. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून लिहून दिलं, तो कागद काकांनी पंचांगात घालून ठेवला. श्रीनाथ बोलला, तर तीन दिवस जेवले नाहीत. "माझें ऐकत नाहींत, मुलांचें ऐकत नाहींत. यंत्राचें ऐकतात. आतां तूंच सांग, कोणी मेल्यावर सांगायचें काय?"

मला तेव्हाच म्हणता आलं असतं, की काकू, बाहेर चला, मी तुमच्या शेजारी उभा राहतो, सरळ बोलू. पण मी घाबरलो. त्या माणसाच्या तोंडावर "तुम्हाला दिसत नाही" म्हणायची माझी छाती झाली नाही. रोटर पुन्हा मोहरीत गेला. मी बाहेर आलो आणि आयुष्यातलं पहिलं खोटं निदान केलं.

"उंदीर, काका. रोटर उंदरानं नेला."

काका बघतच राहिले. "उंदरानें दोन क्लिपा उघडल्या, रोटर घेतला, आणि क्लिपा परत लावल्या?"

"चेन्नईचे उंदीर आहेत, काका."

"सेरी," ते म्हणाले. ठीक आहे म्हणायची ती पद्धत. पण गणिताच्या माणसाचं 'ठीक आहे' हे कधी खरं नसतं.

मी सांगितलं, हा रोटर आता बाजारात येत नाही. वाटलं, विषय मिटला. कसलं कप्पाळ मिटतंय! दुसऱ्या दिवसापासून काका पुदुपेटला जायला लागले. तिथं जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. गाडी चालवून कोणाला उडवू नये म्हणून आम्ही ज्यांना घरी बसवलं, ते अर्ध्या डोळ्यावर बस बदलत, रस्ते ओलांडत शहरभर हिंडू लागले. पंधरा दिवसांनी फोन. आवाजात नुसता आनंद. "शंकरा, मिळाला! चौदाव्या दुकानांत. तूं म्हणालास येत नाहीं!"

त्यानंतर दहा मिनिटांत दुसरा फोन, काकूंचा. कुजबुजत. "आणला रे. आतां काय करूं? पुन्हां काढला तर ओळखतील."

आणि मी सांगितलं. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण सांगितलं. रोटरच्या खाली दोन पॉइंट असतात, टिकलीएवढे. ते मिटतात, उघडतात, तेव्हा ठिणगी तयार होते. त्यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवला की ते मिटत नाहीत. कॉइलपासून पुढं सगळं मेलं. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही तो कपटा सहज दिसत नाही.

"कसला कागद?"

"कसलाही."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा फाडला. पुढच्या रविवारी मी झाकण उघडून बघितलं, तर कपटा इतका बेमालूम बसवलेला की मलाही बोटानं चाचपावा लागला. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. इतका हात चांगला असलेला मेकॅनिक मला बत्तीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि मिळाला तो असा.

पुढं दोन महिने आमचं नाटक चाललं. दर रविवारी काका बोलवायचे. ते चावी फिरवायचे, मी वायर धरून "नाही काका" म्हणायचो. कधी कॉइल काढून न्यायचो, कधी कंडेन्सर, आठवड्यानं तोच परत लावायचो. काका माझ्या खांद्यावरून डिस्ट्रिब्यूटरमध्ये वाकून बघायचे. कपटा त्यांच्या नाकापासून वीतभर. त्यांना दिसायचा नाही. लेक आता स्वतःच रविवारी नातीला घेऊन येऊ लागली, पण काकांचं बोलणं कमी होत गेलं. काकू म्हणाल्या, "माणूस वांचला म्हणून दिव्यास तेल घालतें, आणि ह्यांचें तोंड पाहून रडतें." एकदा मी म्हटलं, सांगून टाकू या. त्या म्हणाल्या, "दसरा जाऊं दे."

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इथं सगळी हत्यारं पूजेला बसतात. आमच्या गॅरेजात सकाळीच पाने, पकडी, मीटर, सगळं धुऊन, चंदन-कुंकू लावून मांडलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. गाड्यांचं मात्र उलट. त्यांची पूजा झाली की चारी चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून पुढं न्यायची असते. लिंबं तशीच राहिली तर मोठा अपशकुन. काकांचा फोन आला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. "काका, हत्यारं पूजेत आहेत हो. आज हात लावत नाही."

"हत्यारें राहूं देत. तुझे हात पूजेंत आहेत काय? ये."

गेलो. गाडी धुऊन लख्ख, बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर चंदनाची बोटं, चाकांखाली चार लिंबं. श्रीनाथ आला होता, लेक आली होती. काका हातात वही घेऊन उभे होते. त्यांनी ती उघडली, आणि मला त्यातलं अक्षर दिसलं. बिगारीतल्या मुलासारखं मोठं, एका पानावर जेमतेम तीन ओळी. तरी ते वाचत नव्हते. पाठ म्हणत होते.

"पहिला दोष रोटर. कारण उंदीर. मग पॉइंट. मग कॉइल. मग कंडेन्सर. मग वायर. एका गाडीस दहा आठवड्यांत पांच वेगळे दोष, एकाचाही पत्ता नाहीं, आणि पाहणारा मिस्त्री एकच." त्यांनी वही मिटली. "शंकरा, मीं संभाव्यता शिकवली आहे. एक तर तुला कांहीं येत नाहीं, नाहीं तर तूं मला फसवतोस. उद्यां पुदुपेटचा दुसरा मिस्त्री येतो. तूं जा."

"अप्पा, विडुंगो," श्रीनाथ म्हणाला, सोडून द्या.

मी काकूंकडे बघितलं. दुसरा मिस्त्री म्हणजे दोन मिनिटांचं काम. कपटा निघणार, आणि कॅलेंडरचा कोपरा कोणत्या घरातला हे शोधायला संभाव्यता लागणार नव्हती. माझी तर अब्रू गेलीच होती. म्हटलं, जाते तर पुरती जाऊ दे.

"फसवतोय, काका. पॉइंटमध्ये कागद आहे. मी घातला. तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून."

शेवटचे शब्द मी जमिनीकडे बघून बोललो. लेकीनं तोंडावर हात ठेवला. बाहेर रस्त्यावर शेजाऱ्यांनी पूजेचा कोहळा फोडला, त्याचा आवाज आला.

"खोटें बोलतो तो," काकू म्हणाल्या. त्या पुढं आल्या. "रोटर मीं काढला. कागद मीं घातला. दर रविवारीं पाहून येत होतें, जागेवर आहे ना."

आता काका कडाडणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या मठ्ठ समजलेल्या विद्यार्थ्यानं अवघड गणित सोडवावं तसे ते बघत होते.

"तुला येतें?"

"येतें."

"दाखव."

काकूंनी हार बाजूला केला, बॉनेट उघडलं. दोन क्लिपा, टक् टक्. झाकण वर. रोटर उपसला. केसातला आकडा काढून त्याच्या टोकानं कपटा बाहेर ओढला आणि चिमटीत धरून त्यांच्या समोर केला. "हा पाहा."

काकांनी घ्यायला हात पुढं केला. हात वीतभर बाजूनं गेला. मागं घेऊन पुन्हा केला. बोटं हाराच्या झेंडूंवर पडली, आणि एक फूल त्यांच्या हातात आलं.

मला वाटलं, काकू कपटा त्यांच्या बोटांशी नेतील. त्यांनी नेला नाही. होता तिथंच धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलला नाही. मी बत्तीस वर्षं ठिणग्यांचे झटके खाल्ले, इतका मोठा कधी बसला नव्हता. शेवटी काकांनी चाचपत त्यांचं मनगट धरलं, मनगटावरून बोटांपर्यंत गेले आणि कपटा घेतला. चोळून बघितला. खिशात ठेवला.

मग पत्र्यावरून हात फिरवत ते गाडीच्या पुढून वळसा घालून गेले आणि डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले. बत्तीस वर्षांत मी त्यांना त्या सीटवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"लिंबें सुकतात," ते आतून म्हणाले. "कोण चालवतो?"

सगळ्यांनी श्रीनाथकडे बघितलं. श्रीनाथनं तीन पेडलांकडे आणि चोकच्या बटणाकडे बघितलं. त्यानं आयुष्यभर ऑटोमॅटिक चालवलेली. "शंकर अंकल," तो म्हणाला, "प्लीज."

मी रोटर आणि झाकण बसवलं, बॉनेट लावलं, गाडीत बसलो, चोक ओढला, चावी फिरवली. पहिल्याच फिरकीला इंजिन पेटलं. इतर दिवशी मी कॉलर ताठ केली असती. त्या दिवशी शेजारी बसलेल्या माणसाकडे मान वळवायचीही लाज वाटली. अडीच महिने मी त्यांना सांगत होतो की यात जीव नाही.

गाडी हळूच पुढं घेतली. खालून फट् फट् फट् आवाज आले.

"तीनच," काका म्हणाले. "मागचें उजवें राहिलें. थोडी मागें घे, पुन्हां पुढें. आणि क्लच एवढा दाबून धरूं नको, प्लेट जळते."

आता गॅरेज सुटलंय, पण रविवार सुटत नाही. सकाळी अण्णा नगरहून बसनं मैलापूरला जातो, काका-काकूंना त्यांच्या गाडीतून अण्णा नगरला लेकीकडे आणतो, नातीचं गणित होईपर्यंत थांबतो, मग त्यांना मैलापूरला सोडतो आणि बसनं पुन्हा अण्णा नगरला येतो. याला निवृत्ती म्हणतात. काकू मागं बसतात. काका माझ्या शेजारी बसून आवाजावरून माझ्या चुका काढतात, आणि सांगायला वाईट वाटतं, बहुतेक बरोबर काढतात. मी एकदा त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "समोर पाहा."

गेल्या रविवारी लेकीच्या इमारतीखाली एका शेजाऱ्यानं गाडीचं कौतुक केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"हा आमचा ड्रायव्हर," काका म्हणाले. "हात चांगला आहे. पूर्वीं मिस्त्री होता, पण त्यांत त्याला कांहींच येत नव्हतें."

मागच्या सीटवर काकूंनी पदर तोंडाला लावला. मी उतरलो, वळसा घालून काकांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.